जुन्या इंजिनाचे सांधे: पॅकिंगच्या आधी फेस

जुनी मोटरसायकल म्हटली की खाली तेलाचा डाग पडणारच, असं बऱ्याच जणांनी गृहीत धरलेलं असतं. मला ते पटत नाही. 1950-60 च्या दशकातलं, हवेनं थंड होणारं इंजिनसुद्धा नीट बांधलं तर कोरडं राहतं. गळतं तेव्हा दोष क्वचितच पॅकिंगचा, म्हणजे सांध्यातल्या गॅस्केटचा असतो. पॅकिंग ज्या दोन फेसच्या, म्हणजे एकमेकांवर टेकणाऱ्या सपाट पृष्ठभागांच्या मध्ये दाबलेलं असतं त्यांचा तो असतो, नाहीतर क्रँककेसमधल्या, म्हणजे क्रँक फिरतो त्या खालच्या पेटीतल्या दाबाचा. आत्ता बाकावर आहे ते 346 सीसीचं, 70 मिमी बोअर आणि 90 मिमी स्ट्रोकचं, बिडाचं बॅरल (सिलिंडर) आणि ॲल्युमिनियमचं हेड (त्याचं वरचं झाकण) असलेलं पुशरॉड इंजिन, म्हणजे खालच्या कॅमची हालचाल लांब दांड्यांनी वर व्हॉल्व्हपर्यंत नेणारं. तेलाची टाकी वेगळी, म्हणजे ड्राय सम्प. ते उघडल्यापासून सुरू करेपर्यंत सांधे कसे बंद केले ते लिहितो. जुळ्या सिलिंडरची आणि टू-स्ट्रोक इंजिनं जिथे वेगळं वागतात, तिथे तेही सांगेन.

उघडताना

इंजिन धुवायच्या आधी बघून घ्यायचं. धूळ आणि तेलाचा जो काळा थर बसलेला असतो त्यातच गळतीचा माग असतो. तेल वरून खाली आणि वाऱ्यानं पुढून मागे सरकतं, म्हणून सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा शोधायची. तिच्या मागचं-खालचं सगळं तिथूनच आलेलं असू शकतं. या इंजिनात गिअरबॉक्सपर्यंत तेल पोचलं होतं, पण उगम दोनच निघाले. एक बॅरलच्या पायथ्याशी, क्रँककेसच्या दोन अर्धांचा सांधा जिथे बॅरलच्या फेसला मिळतो तिथे. दुसरा टायमिंग कव्हरच्या, म्हणजे कॅम गिअरवरच्या झाकणाच्या खालच्या कडेला.

प्रत्येक पॅकिंग निघालं की त्याची जाडी मायक्रोमीटरनं मोजून लिहून ठेवतो. सुट्या भागांच्या संचात जे येतं ते त्याच जाडीचं असेल याचा भरवसा नाही, आणि जाडी बदलली की बाकीची मापं हलतात. बॅरलखालचं पॅकिंग कॉम्प्रेशन आणि टॅपेटचा गॅप (व्हॉल्व्ह चालवणाऱ्या भागांमधली फट) ठरवतं. टायमिंग कव्हरचं पॅकिंग बऱ्याच इंजिनांत कॅम गिअरची आडवी हालचाल ठरवतं. तिथे 0.4 च्या जागी 0.2 मिमीचा कागद बसवला तर गिअर कव्हरला घासायला लागू शकतात.

त्या काळातल्या हेड पॅकिंगमध्ये, आणि कधी कधी साध्या करड्या शीटच्या पॅकिंगमध्येही, ॲस्बेस्टॉस असू शकतो. ते कोरडं खरवडायचं नाही, पॉलिश पेपरनं घासायचं नाही, वायर ब्रश आणि हवेचा झोत तर अजिबात नाही. पाण्यात थोडा साबण घालून ते भिजवायचं, ओलं असतानाच उचलायचं, तुकडे आणि पुसलेली फडकी पिशवीत बांधून टाकायची. तोंडावर पी3 किंवा पी100 दर्जाचा मास्क हवा. साधं कापड उपयोगाचं नाही. जुन्या साठ्यातलं न वापरलेलं पॅकिंग हाती आलं तरी मी ते बसवत नाही, त्यावरून फक्त आकार उतरवून घेतो.

चिकटून राहिलेला थर काढायला स्टीलचं स्क्रेपर ॲल्युमिनियमवर चालवायचं नाही. त्याचा एक आडवा ओरखडा म्हणजे तेलाला आतून बाहेर जायची तयार वाट. गॅस्केट रिमूव्हर लावून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं आणि कडक प्लास्टिकच्या किंवा पितळेच्या पट्टीनं सोलून काढायचं. ब्लेड वापरायचंच असेल तर जवळजवळ आडवं धरून. ड्रिलला लावायच्या खरखरीत नायलॉनच्या चकत्यांपासून लांबच राहिलेलं बरं. फेस झटपट चकचकीत होतो, पण त्या चकतीतून ॲल्युमिनियम ऑक्साइडची भुकटी झडते, आणि ती बेअरिंगमध्ये गेली की नवा बिग एंडही (कनेक्टिंग रॉडचं खालचं बेअरिंग) फार टिकत नाही. शिवाय चकती मऊ धातू खाते आणि कडा गोल करते. हाताला गुळगुळीत लागणारा फेस सपाट असतोच असं नाही.

फेस

वेळ द्यायचा तो इथेच. या पायरीवर हात आखडला तर पुढे कितीही महागडं सीलंट आणा, उपयोग होत नाही.

आधी स्टडची, म्हणजे नट लावायच्या आटेवाल्या दांड्यांची भोकं. स्टड वर्षानुवर्षं वर ओढला गेला की त्याच्या मुळाशी ॲल्युमिनियम उचललं जातं आणि भोकाभोवती एक बारीक वरंबा तयार होतो. तो डोळ्यांना दिसत नाही, नखाला लागतो. पॅकिंग त्या वरंब्यावर टेकतं आणि दोन स्टडच्या मधल्या भागात दाबच येत नाही. बॅरलच्या पायथ्याच्या गळतीत हे कारण वारंवार निघतं. क्रँककेस साधारण 100 अंशांपर्यंत गरम करून, दोन नट एकमेकांवर लॉक करून स्टड काढले आणि काउंटरसिंकचं बिट हातानं फिरवून प्रत्येक भोकाच्या तोंडाला अर्धा मिमीची उतरती कड दिली. कव्हरच्या स्क्रूच्या भोकांनाही तेच. आटे सैल वाटले तर आत्ताच तारेच्या कॉइलचे नवे आटे बसवून घ्यायचे. शेवटच्या आवळणीला आटे निघाले तर सगळं पुन्हा उघडावं लागतं. मात्र टॅप आणायच्या आधी आट्यांची जात ओळखा. ब्रिटिश इंजिनात एकाच केसवर व्हिटवर्थ, बीएसएफ (त्याच घराण्याचे बारीक आटे) आणि 26 टीपीआयचे, म्हणजे इंचाला 26 आट्यांचे सायकल थ्रेड शेजारी शेजारी असू शकतात, आणि व्हिटवर्थ घराण्याचा कोन 55 अंश तर सायकल थ्रेडचा 60. चुकीचा बोल्ट दोन-तीन फेरे गोड जातो आणि मग आटे ओरबाडतो.

मग सपाटी. चांगली सरळपट्टी फेसवर लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर ठेवून खालून 0.05 मिमीचं, म्हणजे दोन थाऊचं (इंचाचे दोन हजारांश) फिलर, ही मापाची पातळ पट्टी, सरकवून बघायचं. ते कुठेही जाता कामा नये. या हेडमध्ये दोन स्टडच्या मध्ये 0.10 चं फिलर जात होतं. जास्त आवळलेलं हेड असंच वाकतं: कोपरे खाली, मध्ये कमान.

हेड आणि कव्हर लॅप करायला, म्हणजे घासून सपाट करायला 10 मिमी जाडीची फ्लोट काच सपाट बाकावर ठेवतो आणि तिच्यावर 240 नंबरचा वॉटर पेपर रॉकेलनं चिकटवतो. फेसवर मार्करनं उभ्या-आडव्या रेघा मारायच्या, इंग्रजी आठच्या आकड्यासारखा हात फिरवायचा, आणि दर आठ-दहा फेऱ्यांनी भाग 90 अंशांत फिरवायचा, कारण प्रत्येकाचा हात एका बाजूला जास्त दाबतो. रेघा कुठे राहिल्या त्यावरून खळगा दिसतो. सगळ्या रेघा गेल्या की 400 नंबरवर हलका हात. आरशासारखी चमक आणायची नाही. पॅकिंगला धरायला बारीक दाणा लागतो.

लॅप करायचं नाही असंही काही असतं. क्रँककेसचे दोन अर्ध काचेवर घासले तर मेन बेअरिंगमधलं अंतर आणि क्रँकचा एंड फ्लोट (आडवी मोकळीक) कमी होतो. तिथे बारीक तेल-दगडानं फक्त उठलेले ठिपके बसवायचे. टायमिंग कव्हरमध्ये बुश असतील तर किती घासलं ते मोजून, पॅकिंग तितकं जास्त जाड घ्यायचं. फेसच्या आरपार खोल ओरखडा असेल तर त्याच्यासाठी सगळा फेस खाली आणण्यापेक्षा, तो साफ करून धातूमिश्रित इपॉक्सी भरावं आणि दुसऱ्या दिवशी सपाट करावं. उष्णता सोसणारं इपॉक्सी निवडलं तर कव्हरवर हे उत्तम टिकतं. हेडच्या फायर रिंगच्या, म्हणजे ज्वलनकक्षाभोवतीच्या कडेच्या जागी मात्र असली मलमपट्टी चालत नाही.

आता तो बॅरलच्या पायथ्याचा कोपरा. क्रँककेसचे दोन्ही अर्ध कोरडे जोडून, आवळून, त्यांच्यावरच्या बॅरलच्या फेसवर सरळपट्टी ठेवली तर सांध्यावर 0.08 मिमीची पायरी होती. डॉवेल, म्हणजे दोन भाग जुळवून धरणाऱ्या पिना, झिजले की असं होतं. अशा पायरीवर कागदी पॅकिंग एका बाजूला चेपतं आणि दुसऱ्या बाजूला नुसतं टेकून राहतं. उपाय आवळण्याच्या क्रमात आहे: केसचे बोल्ट सैल ठेवायचे, बॅरल पॅकिंगशिवाय बसवून त्याचे नट हलके आवळायचे, म्हणजे दोन्ही अर्ध एका पातळीत ओढले जातात, मग केसचे बोल्ट आवळायचे आणि बॅरल काढायचं. पायरी 0.02 वर आली आणि उरलेली तेल-दगडानं गेली. खऱ्या जोडणीच्या वेळी सीलंट ओलं असतानाच हाच क्रम पाळावा लागतो.

सीलंट कुठलं आणि किती

क्रँककेसच्या अर्धांमध्ये बहुतेक इंजिनांत कागद नसतोच, नुसतं सीलंट असतं. मी तिथे ॲनारोबिक लावतो. ते हवा नसलेल्या जागी, धातूच्या सान्निध्यात घट्ट होतं. त्यामुळे सांध्यातून आत पिळून आलेलं सीलंट ओलंच राहतं आणि तेलाबरोबर धुऊन जातं, गोळा होऊन तेलाच्या वाटेत अडकत नाही. ते साधारण 0.25 मिमीपर्यंतचीच फट भरतं. म्हणजे फेस नीट असेल तरच उपयोगाचं. एकाच फेसवर, बोटानं थापत, इतकं पातळ लावायचं की खालचा धातू दिसत राहील. पूर्ण घट्ट व्हायला 24 तास द्यायचे.

सांधा पुन्हा पुन्हा उघडायचा असेल किंवा जोडताना मांडामांड करायला वेळ हवा असेल तर न वाळणारं निळं हायलोमार बरं. ते मुळात रोल्स-रॉइसच्या जेट इंजिनांसाठी तयार झालं. दोन्ही फेसवर पातळ थर द्यायचा, त्यातला द्रव उडून चिकट होईपर्यंत पाचेक मिनिटं थांबायचं आणि मग जोडायचं. शेलॅक (लाखेचं सीलंट) जुन्या कारागिरांचा आवडता; धरतो चांगला, स्पिरिटनं निघतोही, पण वाळला की ठिसूळ होतो. हलणाऱ्या सांध्यावर तो तडकतो.

सिलिकॉनबद्दल स्पष्टच लिहितो. त्यानं जितकी इंजिनं कोरडी केली तितकीच आतून अडवली आहेत. सांध्यातून बाहेर जेवढी गोट दिसते तेवढीच आतही असते. ती सुटते, तेलात फिरते आणि पंपाच्या जाळीवर किंवा रॉकरकडे जाणाऱ्या बारीक नळीच्या तोंडाशी बसते. वापरायचंच असेल तर न्यूट्रल क्युअर घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वाळताना ॲसिटिक ॲसिड सोडतं आणि धातू गंजवतं. धार 1 मिमीची, स्क्रूच्या भोकांच्या आतल्या बाजूनं, आणि वर साय धरायच्या आत जोडणी. कागदी पॅकिंगला सिलिकॉन चोपडू नका: आवळताना ते वंगणाचं काम करतं आणि कागद घसरून आत-बाहेर पिळून निघतो. पेट्रोल लागणाऱ्या जागी तर ते फुगून सुटतंच.

माझ्या हातून सिलिकॉन लागतं ते फक्त तीन फेस एकत्र येतात त्या जागी, म्हणजे क्रँककेसचा उभा सांधा बॅरलच्या किंवा टायमिंग कव्हरच्या फेसला मिळतो तिथे. मोहरीच्या दाण्याएवढा ठिपका, कागद ठेवायच्या अगदी आधी. तिथे कागद कधीच पूर्ण भरत नाही.

बॅरल आणि हेड

बॅरलखाली 0.5 मिमीचा कागद. दोन्ही बाजूंना हायलोमारचा पुसट थर. पॅकिंगमधलं तेलाचं प्रत्येक भोक केसच्या भोकाशी जुळवून बघितलं, कारण तयार संचातल्या पॅकिंगमध्ये एखादं भोक अर्धवट पंच केलेलं सापडतं. भोकाभोवती 3 मिमी सीलंट लावायचंच नाही.

इथे जाडीचा हिशेब करून टाकू. 70 मिमी बोअरचं क्षेत्रफळ साधारण 38.5 चौरस सेंटिमीटर, म्हणजे 0.5 मिमी जाडी बदलली की ज्वलनकक्षात 1.9 सीसीचा फरक. 7:1 कॉम्प्रेशनच्या 346 सीसी इंजिनात कक्ष 57.7 सीसीचा, 1.9 सीसी कमी झाले की कॉम्प्रेशन 7.2 होतं. फरक किरकोळ आहे, पण व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यामधली जागाही त्याच अर्ध्या मिमीनं घटते. म्हणून पिस्टनवर प्लॅस्टिसिन (खेळायची मऊ माती) ठेवून, कोरडी जोडणी करून, इंजिन हातानं दोन फेरे फिरवून चेपलेली जाडी मोजायची. इनलेटला 1.5 आणि एक्झॉस्टला 2 मिमी राहिले पाहिजेत.

टू-स्ट्रोकमध्ये हाच कागद पोर्टची वेळ बदलतो. तिथे क्रँककेसची गळती म्हणजे नुसता डाग नव्हे. बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन जाम होतो. जोडणी झाल्यावर इनलेट आणि एक्झॉस्ट बंद करून 0.4 बार हवा भरायची. पाच-सहा मिनिटं काटा हलता कामा नये. हलला तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधायचे, क्रँकचे ऑइल सील धरून.

हेड पॅकिंग तांब्याचं, 1 मिमी जाडीचं. तांबं दाबानं आणि वापरानं कडक होतं, म्हणून बसवायच्या आधी ते मऊ करावं लागतं. नवं असलं तरी करतोच, पंच होताना तेही कडक झालेलं असतं. पॅकिंग लोखंडी तारेला टांगून, उन्हात नाही तर सावलीत, गॅसच्या मोठ्या पसरट ज्योतीनं फिरवत तापवायचं. आधी त्याच्यावर इंद्रधनुषी छटा सरकतात, मग ते काळपट होतं, आणि मग अंधुक लाल रंग ज्योतीबरोबर पुढे सरकताना दिसतो. तेवढंच, म्हणजे सुमारे 600 अंश. सगळ्या रिंगला तो रंग एकदा स्पर्शून गेला की पुरे. लालबुंद करून धरून ठेवलं तर तांब्याचा दाणा मोठा होतो आणि पृष्ठभाग खडबडीत होतो. मग पाण्यात बुडवायचं. पोलाद पाण्यात कडक होतं, तांब्याचं तसं नाही; ते सावकाश गार केलं तरी तितकंच मऊ राहतं. पाण्याचा फायदा इतकाच की काळी पापडी तडतडून सुटते. उरलेली बारीक स्कॉचब्राइटनं काढायची. नीट मऊ झालेली रिंग एका टोकाला धरली की दुसरं टोक स्वतःच्या वजनानं लवतं, आणि आपटली तर खणखणत नाही, बद्द वाजते. नंतर ती काच आणि सपाट लाकडी ठोकळ्याच्या मध्ये दाबून सरळ करायची, आणि त्यानंतर वाकू द्यायची नाही. ड्रेन प्लगचं तांब्याचं वॉशरही त्याच वेळी मऊ करून घेतो. ॲल्युमिनियमच्या वॉशरला मात्र ही ज्योत लावू नका. ते लाल न होताच 660 अंशांना वितळून खाली पडतं.

ॲल्युमिनियमचं हेड बिडाच्या बॅरलच्या साधारण दुप्पट प्रसरण पावतं. केंद्रापासून 60 मिमीवरच्या कडेला, 150 अंशांच्या फरकात, दोघांमध्ये सुमारे 0.1 मिमीचं सरकणं येतं. प्रत्येक गरम-गार होण्यात हे घडतं. म्हणून तांब्यावर कडक वाळणारं काही लावत नाही; एकतर कोरडं, नाहीतर हायलोमारचा अगदी पुसट फवारा.

पुशरॉडच्या नळ्या बाहेरून जाणाऱ्या जुळ्या सिलिंडरच्या इंजिनांत इथे एक फसवी जागा आहे. नळीच्या दोन्ही टोकांची रबर सील जाड झाली तर हेड त्यांच्यावरच टेकतं, पॅकिंगवर दाब येत नाही, आणि लोक हेड पॅकिंगला दोष देतात. हेड पॅकिंगवर नुसतं ठेवून आणि मग नळ्यांसकट ठेवून, दोन्ही वेळा फट मोजायची. हेड नळ्यांवर टेकलेलं असताना पॅकिंगपाशी 0.75 ते 1 मिमी फट हवी. आवळल्यावर सील तेवढंच चेपतं. त्याहून जास्त असेल तर पातळ सील घ्यायचं.

आवळण्यापूर्वी बंद तळाच्या भोकांतलं तेल हवेनं काढून टाकायचं. तेलावर बोल्ट आवळला की दाबाला जायला वाट नसते आणि केस फुटते, शिवाय टॉर्क रेंच खोटं सांगतं. मॅन्युअलमधला आकडा कोरड्या आट्यांचा की तेल लावलेल्या, तेही बघायचं; तेल लावून तोच आकडा गाठला तर स्टडवर ताण बराच जास्त जातो. नट समोरासमोर, तिरप्या क्रमानं, चार टप्प्यांत: हातानं टेकवून, मग निम्मा, मग तीन चतुर्थांश, मग पूर्ण. शेवटचा टप्पा पाना न थांबवता एका संथ ओढीत. थांबून थांबून ओढलं की स्थिर घर्षणामुळे क्लिक आधीच येतो.

कागद कापताना

टायमिंग कव्हरचं पॅकिंग घरीच कापलं, कारण मोजलेला एंड फ्लोट 0.4 मिमीचा कागद मागत होता. ऑइल जॉइंटिंग पेपरचा तुकडा कव्हरवर ठेवून एका डॉवेलची जागा अंगठ्यानं दाबली, तिथे उठलेल्या खुणेवर पोकळ पंचनं भोक पाडलं आणि स्क्रू घालून कागद अडकवला. मग समोरच्या कोपऱ्यातलं भोक, मग बाकीची. भोकं आधी, कडा नंतर. उलट केलं की कागद सरकतो आणि शेवटची भोकं जुळत नाहीत. पंच लाकडाच्या आडव्या धाग्यांवर नाही, उभ्या धाग्यांच्या तोंडावर ठेवायचा; काप स्वच्छ येतो. आतली-बाहेरची कड उमटवायला बोटाला काळं ग्रीस लावून कडेवरून चोळायचं आणि उठलेल्या रेषेवर कात्रीनं कापायचं. हातोडीनं कडेवर ठोकून कापायची पद्धत सर्रास आहे. ॲल्युमिनियमची कड त्यानं बोथट होते, आणि ज्या कडेवर सील व्हायचं तीच जाते. अरुंद जागी पॅकिंगची रुंदी फेसपेक्षा किंचित कमी ठेवतो, आत लोंबणारा कागद तेलात भिजून तुटू नये म्हणून.

संचातलं कागदी पॅकिंग पडून राहून आक्रसलं असेल आणि भोकं दीड-दोन मिमीनं चुकत असतील तर ते फेकायची घाई नको. कोमट पाण्यात काही मिनिटं ठेवलं की ते मूळ मापावर येतं. टिपून, किंचित दमट असतानाच बसवायचं.

क्लच किंवा पॉइंटच्या कव्हरसारख्या, सारख्या उघडाव्या लागणाऱ्या जागी कागदाला दोन्ही बाजूंनी नुसतं ग्रीस. ते पुढच्या वेळी अख्खं सुटतं. पत्र्याच्या कव्हरमध्ये स्क्रूभोवतीचा पत्रा आत दबलेला असतो. उलट्या बाजूनं सपाट ऐरणीवर ठोकून तो भाग पातळीत, खरंतर किंचित उलटा उचललेला करून घ्यायचा.

दाब

इतकं करूनही काही इंजिनं गळतात, तेव्हा ब्रीदर, म्हणजे क्रँककेसमधली हवा बाहेर सोडणारी वाट बघायची. मिनिटाला 4000 फेऱ्यांना या इंजिनाचा पिस्टन सेकंदाला सुमारे 67 वेळा 346 सीसी हवा खाली ढकलतो. दोन्ही पिस्टन एकत्र वर-खाली होणाऱ्या 650 च्या जुळ्या इंजिनात हा आकडा थेट 650. ही हवा बाहेर जाऊ शकली नाही तर ती सांध्यातून तेलाला ढकलत नेते. ब्रीदरची नळी मोकळी हवी, आतला एकदिशा व्हॉल्व्ह चालता हवा, म्हणजे पिस्टन वर जाताना हवा परत आत ओढली जाणार नाही आणि केसमध्ये थोडा निर्वात राहील. तपासणी सोपी आहे: इंजिन मंद चालू असताना नळीचं टोक पाण्यात एखादा सेंटिमीटर धरायचं. सुरुवातीला बुडबुडे येऊन पुढे जवळजवळ थांबले तर व्हॉल्व्ह ठीक आहे. सतत जोरात येत राहिले तर व्हॉल्व्ह बसत नाही किंवा रिंगांमधून गॅस खाली येतोय. तपासून झालं की नळी इंजिन बंद करायच्या आधी पाण्याबाहेर काढायची, म्हणजे पाणी आत ओढलं जाण्याचा प्रश्न येत नाही.

ड्राय सम्प इंजिन बरेच दिवस उभं राहिलं की टाकीतलं तेल पंपातून पाझरत क्रँककेसमध्ये उतरतं, आणि पहिल्या किकनंतर मिळेल तिथून बाहेर येतं. अशा वेळी आधी सम्पचा प्लग काढून तेल मोजून परत टाकीत घालायचं. कायमचा उपाय पंपाचे फेस आणि चेक व्हॉल्व्ह दुरुस्त करणं हा आहे. तेलाच्या नळीवर कॉक बसवायची पद्धत मला धोक्याची वाटते; तो उघडायचा राहिला की इंजिन जातं.

सुरू केल्यावर

सीलंटला 24 तास देऊन, स्पार्क प्लग काढून, टाकीत परतीचं तेल दिसेपर्यंत इंजिन फिरवायचं. मग दहा मिनिटं चालवायचं आणि रात्रभर पूर्ण गार होऊ द्यायचं. सकाळी हेडचा एकेक नट, एका वेळी एकच, पाव फेरा सैल करून परत टॉर्कवर आणायचा. नुसता पुढे ओढला तर घर्षणानं चिकटलेला नट हलतच नाही आणि क्लिक येतो. हेड बसलं की टॅपेटचा गॅप कमी होतो, म्हणून तो लगेच पुन्हा लावायचा. हेच 100 आणि 500 किलोमीटरला. कागदी पॅकिंगच्या कव्हरचे स्क्रू 100 किलोमीटरला एकदा, हलक्या हातानं. ॲनारोबिक लावलेल्या सांध्यांना मात्र हात लावायचा नाही. घट्ट झालेला थर हलला की तुटतो.

नंतर कुठे ओल दिसलीच तर तो भाग सॉल्व्हंटनं कोरडा करून त्यावर टाल्कम पावडर उडवायची आणि आठ-दहा किलोमीटर चालवून आणायचं. पावडरीत रेष कुठून सुरू होते ते बघायचं. रेष स्क्रूच्या डोक्याखालून निघाली तर ते भोक आत तेलापर्यंत आरपार आहे. पॅकिंग काढायची गरज नाही, त्या स्क्रूच्या आट्यांना सीलंट आणि डोक्याखाली तांब्याचं किंवा फायबरचं वॉशर पुरतं. हेडच्या सांध्याशी कोरडी काळी काजळी असेल तर तो गॅस आहे. साबणाचं पाणी लावून इंजिन किकनं फिरवलं की बुडबुडा येईल, आणि मग नट ओढत बसण्यापेक्षा हेड उतरवून पुन्हा काचेवर ठेवावं. तेलकट ओल असून बुडबुडा नसेल, तर आधी रॉकर बॉक्सचं पॅकिंग आणि तेलाच्या नळीचे बँजो वॉशर (पोकळ बोल्टच्या जोडाचे) बघा. तिथलं तेल फिन्समधून उतरून नेमकं हेडच्या सांध्यावर साचतं.